पाहण्यातील जयणा

आषाढ शुक्ल पक्षाच्या अखेरीस साधू-साध्वींचा विहार थांबतो आणि चातुर्मास सुरू होतो. यामागील कारण प्रत्येक जैन घरातील बालकालाही ठाऊक असते. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर भूमीवर असंख्य जीव जन्म घेतात. गवताचे अंकुर, शेवाळ, गांडुळे, कीटक, अळ्या यांनी पायाखालची वाट भरून जाते. अशा वेळी चालण्याने होणारी विराधना टळावी, म्हणून आठ महिने पायी फिरणारे त्यागी चार महिने एका ठिकाणी स्थिर होतात.

नेमक्या याच चार महिन्यांत निसर्गाच्या छायाचित्रणाची हौस असणारा गृहस्थ मात्र घराबाहेर पडतो. ज्या कारणाने मुनींचे पाऊल थांबते, त्याच कारणाने त्याचे पाऊल उचलले जाते. फुलपाखरे, चतुर, कोळी, पानांवरचे थेंब, भूछत्रे, घरटी बांधणारे पक्षी हे सारे पाहण्याचा हाच काळ. ही हौस वाईट नाही, उलट फार चांगली आहे. परंतु त्यागी आणि गृहस्थ यांच्या पावलांतील हा विरोध विचार करायला लावणारा आहे. जीवसृष्टी पाहायला गेलेल्या माणसाने तिला उपद्रव न देता परत कसे यावे, याचे उत्तर आपल्या परंपरेतील एका लहानशा शब्दात आहे. श्वेतांबर घरांत त्यास ‘जयणा’ म्हणतात, दिगंबर ग्रंथांत ‘यत्नाचार’ म्हणतात. उठणे, बसणे, चालणे, वस्तू ठेवणे, उचलणे या प्रत्येक क्रियेत जी जागरूकता ठेवायची, ती पाहण्यातही ठेवता येते.

निसर्ग पाहण्यासाठी दूर जावे लागते, असा एक समज आहे. लाखनीसारख्या गावात राहणाऱ्यांना तर तो सहज होतो, कारण नागझिरा आणि कोका ही दोन अभयारण्ये फारशी दूर नाहीत. व्याघ्रदर्शनासाठी येणाऱ्यांच्या गाड्या महामार्गावरून जाताना दिसतात. त्यामुळे पाहण्यासारखे जे काही आहे ते तिकडे, आणि आपल्या गावात केवळ दुकाने, वाहने व धूळ, असे वाटू लागते. वस्तुस्थिती तशी नाही. नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्गावर, भंडारा व साकोली यांच्या दरम्यान वसलेल्या या तालुक्याच्या गावी एसटीच्या बसस्थानकाच्या आवारातच नेचर पार्क आहे. स्थानिक ग्रीनफ्रेंड्स नेचर क्लबच्या पुढाकाराने ते उभे राहिले. बसची वाट पाहण्याची पंधरा मिनिटे झाडांच्या सोबतीत घालवता येतील, अशी बसस्थानके महाराष्ट्रात फार नाहीत. ज्याला पाहायचे आहे, त्याचा पहिला धडा तेथेच होऊ शकतो.

बसस्थानकापासून पुढे शाळा-महाविद्यालयांची आवारे, मंदिरांच्या परसातील बेल व चाफा, घरोघरच्या अंगणातील लिंबू, पेरू व कढीपत्ता, आणि गावाबाहेर पडताच धानाच्या बांध्या, बोड्या व तलावांच्या पाळी. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या जाणकारांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोकांनी त्यांना ‘मामा तलाव’ असे जिव्हाळ्याचे नाव दिले. सिंचनासाठी झालेली ही रचना पाखरांसाठी, माशांसाठी व पाणवनस्पतींसाठी एक विस्तीर्ण उद्यानच ठरली. त्याला फाटक नाही आणि तिकीटही नाही.

या हौसेला मोठा खर्च करावाच लागतो, हाही समज सोडावा. लांब पल्ल्याच्या भिंगाचा कॅमेरा काही लाखांपर्यंत जातो हे खरे. परंतु फुले, पाने, कीटक, झाडांच्या साली, फळे व बिया यांसाठी खिशातील मोबाइल पुरेसा आहे. त्यावर बसणारे छोटे मॅक्रो भिंग थोडक्या पैशांत मिळते आणि मुंगीच्या मिशांपर्यंत नजर पोहोचते. प्रकाश विकत घ्यावा लागत नाही. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास आणि सूर्यास्तापूर्वीचा तेवढाच वेळ यांतील तिरपा, मऊ उजेड पानांच्या शिरा उठावदार करतो. भर दुपारी तेच पान सपाट व फिकट दिसते. फुलाचे चित्र उभ्याने वरून घेण्यापेक्षा गुडघे टेकून त्याच्या पातळीवर येऊन घेतले, तर त्याची घडण नीट कळते. वारा असेल तर झुळूक थांबेपर्यंत थांबावे. वाऱ्याने हलणारे फूल हाताने धरू नये आणि अधिक चांगल्या पार्श्वभूमीसाठी ते तोडू तर मुळीच नये. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे, हे आपल्याकडे जीवविचार शिकताना पहिल्याच पाठात येते. त्या पाठाची परीक्षा बागेत होते.

नवख्या माणसाने प्रारंभी एकच झाड निवडावे. समजा, अंगणातील वा शाळेच्या आवारातील कडुनिंब. त्याचे चित्र दर आठवड्यास एकाच जागेवरून घ्यावे. फाल्गुनातील पानगळ, चैत्रातील तांबूस पालवी व मोहोर, ग्रीष्माअखेर पिवळ्या पडणाऱ्या निंबोळ्या, त्या खायला येणारे बुलबुल व कोकिळा, पावसाळ्यात बुंध्यावर चढणारे शेवाळ, असे वर्ष त्या एका झाडावर उलगडते. बावन्न आठवड्यांची बावन्न चित्रे एका ओळीत ठेवली की, आपण इतकी वर्षे या झाडाखालून जात होतो आणि ते पाहिलेच नव्हते, हे ध्यानी येते. या परिसरातील निसर्गाला असा सलग वेळ देण्याचे मोठे उदाहरण म्हणजे किरण पुरंदरे यांचे. त्यांनी नागझिऱ्याच्या जंगलात चारशे दिवस मुक्काम केला आणि ‘सखा नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. चारशे दिवस प्रत्येकाला देता येणार नाहीत. आठवड्यातील एक तास मात्र बहुतेकांना देता येईल, विशेषतः नोकरी-व्यवसायातून निवृत्त झालेल्यांना.

प्रत्येक चित्राबरोबर नोंद हवी. दिनांक, वेळ, जागा, झाडाचे वा पाखराचे नाव, नाव ठाऊक नसल्यास ‘अनोळखी’ असा शेरा, आणि त्या क्षणी ते काय करीत होते याचे एक वाक्य. नोंद नसलेले चित्र हे पावती हरवलेल्या रकमेसारखे असते. रक्कम दिसते, पण ती कोठून आली हे सांगता येत नाही.

अशी नोंद ठेवणाऱ्याला अंगणातील लिंबाचे झुडूप एक पाठशाळाच वाटू लागते. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा एक काळपट-पांढरा ठिपका असतो. तो हलला की कळते, ही अळी आहे. भक्षक पक्ष्याने आपल्याकडे दुर्लक्ष करावे म्हणून तिने घेतलेले ते रूप. काही दिवसांनी हीच अळी पानासारखी हिरवी होते, कोशात जाते आणि एके सकाळी फुलपाखरू होऊन निघून जाते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले निळ्या-काळ्या पंखांचे मोठे नीलवंतही लिंबाच्याच कुळातील झाडांवर अंडी घालते. आपले राज्य फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. पाने खाल्ली जातात म्हणून ज्या झुडपावर आपण औषध फवारतो, तेच झुडूप या सौंदर्याचे माहेर आहे. वाटेकडेच्या रुईवरही असेच केशरी पंखांचे फुलपाखरू वाढते. रुईच्या चिकातील विष अळीच्या अंगात उतरते आणि पाखरे तिला टाळू लागतात. हे एकदा समजले की हातातील फवारणीचा पंप आपोआप खाली ठेवला जातो. ज्ञानातून अहिंसा उपजते ती अशी.

येथपर्यंत या हौसेचा आनंद झाला. तिची दुसरी बाजू लाखनीतीलच एका घरी घडलेल्या लहानशा घटनेतून स्पष्ट होईल.

एका सेवानिवृत्त गृहस्थांना मुलाने चांगला मोबाइल घेऊन दिला होता. सकाळच्या देवदर्शनानंतर बागेत फेरफटका मारावा, चार चित्रे घ्यावीत, नातेवाइकांना पाठवावीत, असा त्यांचा क्रम. आषाढात एके दिवशी घराच्या परसातील लिंबाच्या झुडपात शिंपी पक्ष्याचे घरटे असल्याचे त्यांच्या नातीच्या दृष्टीस पडले. शिंप्याची मादी मोठ्या पानाच्या कडांना चोचीने भोके पाडते आणि कापसाचे वा कोळ्याच्या जाळ्याचे धागे त्यांतून ओवून पानाची पुडी शिवते. त्या पुडीत मऊ कापूस घालून अंडी ठेवते. बाहेरून पाहणाऱ्यास ते केवळ एक वाकलेले पान वाटते, आणि तेच त्या पिलांचे एकमेव संरक्षण असते.

आजोबांना हे शिवणकाम नीट टिपायचे होते. समोर दोन पाने आड येत होती. त्यांनी ती अलगद बाजूला वळवून काटकीत अडकवली. पाने तोडली नाहीत, घरट्याला हातही लावला नाही. चित्र सुरेख आले. आत तीन अंडी दिसत होती. कुटुंबाच्या समूहावर ते गेले आणि दिवसभर कौतुकाचे शब्द येत राहिले. पाने मात्र तशीच अडकून राहिली. दोन दिवसांनी नात धावत आली आणि म्हणाली, “आजोबा, घरटे फाटले आहे. आत काहीच नाही.” कावळा आला की मांजर, हे कोणी पाहिले नव्हते. मादी काही वेळ कुंपणावर बसून ओरडत होती, एवढेच नातीने सांगितले. मग तिने विचारले, “आपण ती पाने बाजूला केली म्हणून का?”

आजोबांनी ‘नाही’ म्हटले असते, तर तिने ते मानले असते. त्यांनी तसे म्हटले नाही. “बहुधा म्हणूनच,” असे ते म्हणाले. त्यांनी पाने सोडवून पूर्ववत केली, पण आता त्यांना झाकण्यासारखे तेथे काही उरले नव्हते. त्या संध्याकाळचे प्रतिक्रमण त्यांना जड गेले. नित्यनेमाने म्हटल्या जाणाऱ्या शब्दांत एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची गणती येते. त्या दिवशी त्या गणतीत एक पंचेंद्रिय जीव त्यांच्या परसातील होता, आणि त्याला नाव होते.

या घटनेत क्रूरता कोठेच नाही. मारण्याचा हेतू नाही, रागही नाही. होते ते केवळ कौतुक, आणि त्या कौतुकात क्षणभर राहून गेलेले भान. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वातींनी प्रमादाला अग्रस्थान दिले आहे, ते याचसाठी. असावधपणे झालेल्या क्रियेतून जीवाला पोहोचणारी हानी ही हिंसाच होय. ‘माझा तसा उद्देश नव्हता’ हे उत्तर तेथे पुरे पडत नाही. आपल्या उद्देशापलीकडे काय घडू शकते याचा विचार आधी केला होता काय, हा खरा प्रश्न असतो.

निसर्गछायाचित्रणाच्या इतिहासालाही हा धडा शिकायला बराच काळ लागला. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ साली अंडी असलेल्या एका घरट्याचे छायाचित्र घेतले. पक्षिजीवनाच्या छायाचित्रणाचा तो आरंभ मानला जातो. पाखरांनी घाबरू नये म्हणून ते नाना युक्त्या करीत. बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करवून त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. अंडी गोळा करण्याच्या तत्कालीन छंदाच्या तुलनेत चित्र घेऊन परतणे ही मोठी सुधारणा होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या विषयापासून या कलेचा प्रारंभ झाला, तो घरट्याचा विषयच आज निसर्गछायाचित्रणाच्या अनेक स्पर्धा स्वीकारत नाहीत. घरट्याजवळ माणसाची ये-जा वाढली की आई-बाप घरटे सोडून जाऊ शकतात, आणि आपल्या पावलांचा मागोवा घेत कावळा, भारद्वाज, मांजर तेथे पोहोचू शकतात, हे अनुभवाने कळले आहे.

आपला कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे तर येतेच, शिवाय अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही येते. बंदूक हाती न धरताही माणूस शिकारी ठरू शकतो, हे कायद्याने पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले. प्रमादाला हिंसा म्हणणाऱ्या परंपरेतील वाचकास त्यात नवल वाटू नये.

मग श्रावकाने कॅमेरा घेऊन बागेत जावे तरी कसे? त्यासाठी नवे नियम शोधण्याची गरज नाही. जुनेच नियम नव्या साधनाला लावावेत.

पहिला नियम ईर्यासमितीचा. मुनींनी चार हात पुढची भूमी पाहून, दिवसाच्या उजेडात, रुळलेल्या वाटेने चालावे, असे सांगितले आहे. गृहस्थाला हे तंतोतंत साधणार नाही. पण छायाचित्र घेणाऱ्याचे डोळे पडद्यावर आणि पाय गवतात, ही तर हिंसेची पूर्ण तयारी झाली. चालताना मोबाइल खिशात असावा. थांबल्यावर, पायाखाली पाहून घेतल्यावर तो बाहेर काढावा. गवतात गुडघा टेकण्यापूर्वी तेथे काय आहे ते पाहावे. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालून आकांत करू लागली, तर चित्र घेण्याची ती वेळ नव्हे. आल्या पावली मागे फिरण्याची ती वेळ आहे.

दुसरा नियम अनर्थदंडविरतीचा. प्रयोजनावाचून केलेली हानी टाळावी, हे श्रावकाच्या व्रतांपैकी एक आहे. उत्तम चित्रासाठी काही जण कीटकाला शीतकपाटात ठेवून सुन्न करतात आणि मग फुलावर बसवतात. काही जण पाखरू जवळ यावे म्हणून जिवंत अळ्या-किडे आमिष म्हणून टाकतात. काही जण विणीच्या हंगामात मोबाइलवर नराची शीळ वाजवतात, आणि खरा नर प्रतिस्पर्धी आला असे समजून पिलांना भरवण्याचे सोडून त्याचा शोध घेत फिरतो. फुलपाखराचे पंख बोटांत धरले तर त्यावरील सूक्ष्म खवले निघून येतात. रात्री घुबडाच्या डोळ्यांवर फ्लॅशचा झोत पाडला तर ते काही काळ गोंधळून जाते. यांतील एकही गोष्ट पोटासाठी वा उपजीविकेसाठी होत नाही. म्हणूनच ती अनर्थदंड ठरते.

तिसरा नियम परिग्रहपरिमाणाचा. एकाच फुलाची चाळीस चित्रे घ्यायची आणि त्यांतील एकही पुन्हा पाहायचे नाही, हाही एक संचयच. वस्तूपेक्षा तिच्यावरील आसक्ती म्हणजे परिग्रह, असे शास्त्र सांगते. मोबाइलमधील दहा हजार चित्रांना हे पुरेपूर लागू पडते. एका फेरीत पाच चित्रे, असे परिमाण स्वतःला घालून घेऊन पाहावे. संख्या आखली की पाहणे वाढते. पाचच घ्यायची असली म्हणजे माणूस आधी पुरेसा वेळ नुसता उभा राहतो.

चौथा नियम न सांगण्याचा. आपल्याला काय दिसले हे जरूर सांगावे, पण कोठे दिसले हे नेहमीच सांगावे असे नाही. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील सारस क्रौंचाचे उदाहरण घ्यावे. माणसाएवढ्या उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असा हा पक्षी महाराष्ट्रात आता याच पट्ट्यात व आसपास अत्यल्प संख्येने उरला आहे. तो पावसाळ्यात, पाणी साठलेल्या धानाच्या बांधीत गवताचे घरटे रचतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. गोंदियातील सेवा या संस्थेचे कार्यकर्ते व शेतकरी मिळून अशा घरट्यांची राखण करतात. ज्याच्या शेतात घरटे आहे, तो शेतकरी तेवढ्या भागातील धानाकडे पाठ फिरवून उभा राहतो. अशा घरट्याचे ठिकाण समाजमाध्यमावर गेले आणि दुसऱ्या दिवशी दहा कॅमेरे धुऱ्यावर उभे राहिले, तर पीक तुडवले जाईल, सारस उठून जाईल आणि शेतकऱ्याचा त्यागही व्यर्थ होईल. दुर्मीळ जीवांची नेमकी जागा दडवून ठेवण्याची सोय ईबर्ड, आयनॅचरलिस्ट यांसारख्या नोंदप्रणालींनी केलेली आहे. आपणही आपल्या समूहांवर तेवढा विवेक पाळावा.

हे चार नियम पाळून घेतलेली चित्रे मग अनेक कामी येतात. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षिगणना होते. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात भारतातील पक्षिप्रेमी २०१३ पासून भाग घेत आहेत. पंधरा मिनिटे अंगणात उभे राहून दिसलेल्या पाखरांची यादी पाठवणे, एवढेच त्यातील काम. आजी-आजोबा व नातवंडे यांनी मिळून करावे असे ते आहे. २००८ पासून चालू असलेल्या ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर अनोळखी रोपाचे वा कीटकाचे चित्र ठेवले तर देशभरातील जाणकार त्याचे नाव सांगतात. आपल्या वहीतील ‘अनोळखी’ हा शेरा त्यामुळे हळूहळू कमी होत जातो.

गावासाठीही या चित्रांचा उपयोग आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘हेरिटेज ट्री’ म्हणून विशेष संरक्षण मिळाले. आपल्या मोहल्ल्यातील वड, पिंपळ, चिंच, मोह यांची चित्रे, खोडाचा घेर, अंदाजे वय आणि वडीलधाऱ्यांची आठवण यांची एक वही केली, तर रस्तारुंदीच्या वा बांधकामाच्या वेळी बोलायला आधार राहतो. तक्रार करणाऱ्याचा आवाज विसरला जातो. दिनांकासह ठेवलेली नोंद टिकते.

आणि घरासाठी? आपल्या चोवीस तीर्थंकरांची लांछने मुलांना पाठ असतात, पण त्यांतील किती जीव त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असतात? पद्मप्रभूंचे कमळ येथील तलावात उमलते. मुनिसुव्रतनाथांचे कासव बोडीच्या काठी ऊन खात बसलेले एखाद्या दिवशी दिसते. सुमतिनाथांचे लांछन श्वेतांबर परंपरेत क्रौंच, तर दिगंबर परंपरेत चकवा. तोच चक्रवाक, बदामी रंगाचे ते बदक, हिवाळ्यात आपल्याकडील जलाशयांवर पाहुणा म्हणून येते. ज्या वटवृक्षाखाली भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान झाले असे परंपरा मानते, तो वड तर गावोगावी उभा आहे. एका वर्षात यांतील जेवढे दिसतील तेवढ्यांची चित्रे नातवंडांनी जमवावीत. पाठशाळेतील पाठांतराला त्यामुळे डोळे मिळतील.

लाखनीच्या त्या घरातील नातीने आता स्वतःचा एक नियम केला आहे. काही टिपण्यापूर्वी ती आजोबांना विचारते, “आपण येथून गेल्यावर हे असेच राहील ना?” उत्तर ‘हो’ असेल तरच मोबाइल बाहेर निघतो. श्रावणात त्याच परसातील पेरूच्या झाडावर एक वाकलेले पान पुन्हा दिसले. पान खरोखर शिवलेले आहे की नुसतेच वाकलेले, हे जवळ जाऊन पाहण्याचा मोह दोघांनाही झाला. ते गेले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, वीस-पंचवीस पावलांवरून, शिंप्याची जोडी चोचीत काहीतरी घेऊन ये-जा करताना त्यांनी पंधरा दिवस पाहिली. त्या घरट्याचे एकही चित्र त्यांच्याजवळ नाही. वहीत नोंद मात्र आहे, आणि तिच्यापुढे नातीच्या अक्षरात लिहिले आहे, ‘पिले उडाली.’

पर्युषणात आपण चौऱ्यांशी लक्ष योनींतील जीवांची क्षमा मागतो. त्यांतील निदान चोवीस जीव तरी आपल्या अंगणातले, नावाने ओळखीचे असावेत. ज्यांना ओळखतो, त्यांची क्षमा मागताना शब्द कोरडे राहत नाहीत. या चातुर्मासात एक झाड निवडावे, एक वही घ्यावी आणि जयणा सांभाळून पाहायला आरंभ करावा.